पागो, पागास, पागा

मराठी माणसानं स्पॅनिशचा वर्तमानकाळ इंग्रजीतून शिकू नये, असं माझं ठाम मत होऊन बसलं आहे. नाशिकमध्ये हे मत ऐकून घेणारं माणूस सापडणं अवघड, म्हणून इथे लिहिते.

मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवते. शनिवार-रविवारी सकाळी कॉलेज रोडला एका क्लासला जाते. खाली झेरॉक्सचं दुकान, वर दोन खोल्या; एकीत जर्मन, एकीत स्पॅनिश. जर्मनच्या खोलीत उभं राहायला जागा नसते. नर्सिंगच्या मुली, इंजिनिअरिंगची मुलं, सगळ्यांना तिकडे जायचंय. स्पॅनिशच्या खोलीत आम्ही मोजकेच: गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत पाहुण्यांना हिंडवणारा मुलगा, घरून काम करणाऱ्या दोन आयटीवाल्या, बारावी देऊन रिकामा बसलेला एक पोरगा, सटाण्याकडची एमए करणारी एक मुलगी, आणि मी. मला सगळे काकू म्हणतात, सरसुद्धा. सर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे आहेत, तरी मी त्यांना सरच म्हणते. 'मुलगी तिकडे असते का हो तुमची?' हे सोसायटीत सगळ्यांचं विचारून झालं. माझं तिकडे कुणी नाही. हौस आहे. हौस म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत, पण पटलेलंही नसतं.

सरांनी फळ्यावर तीन क्रियापदं लिहिली. आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे, बिबिर म्हणजे राहणे किंवा जगणे. स्पॅनिश लिपीत आब्लारच्या आधी एक ह असतो, तो लिहायचा आणि गिळून टाकायचा. बिबिरमध्ये व लिहायचा आणि ब म्हणायचा. स्पॅनिशचं मूळ क्रियापद आर, एर किंवा इर या तिघांपैकी एकात संपतं, आपलं जसं 'णे'मध्ये. ते काढलं की धातू उरतो: आब्ल, कोम, बिब. मग पुरुष आणि वचन बघून त्याला प्रत्यय लावत जायचे. जी क्रियापदं या रिवाजाबाहेर जात नाहीत ती नियमित. इथपर्यंत सगळं आपल्या ओळखीचं. मग सरांनी शेजारी इंग्रजीचा रकाना आखला: आय स्पीक, यू स्पीक, ही स्पीक्स, वी स्पीक... आणि वर्गाचे चेहरे पडले.

पडणारच. इंग्रजीत सहापैकी पाच खणांत 'स्पीक'च आहे, त्यामुळे स्पॅनिशच्या सहा खणांत सहा निरनिराळी रूपं म्हणजे मुद्दाम घातलेला छळ वाटतो. तोच रकाना मराठीत आखला असता तर? बोलतो, बोलतोस, बोलता, बोलतात. माणूस बदलला की क्रियापदाचा शेवट बदलतो, हे आपल्याकडे दुधाचे दात पडायच्या आत येतं. सर्वनाम गाळायचीही आपल्याला सवय. 'येतोस का?' विचारताना 'तू' म्हणावा लागत नाही, 'येतात का?' म्हटलं की कुणीतरी तिसऱ्यांबद्दल चाललंय हे कळतं. स्पॅनिशमध्ये नेमकं हेच करायचं असतं आणि इंग्रजीतून आलेल्यांना नेमकं हेच जड जातं; ते प्रत्येक वाक्याला 'यो', 'तू', 'एल' चिकटवत बसतात.

दुसरा घोळ 'आय स्पीक' आणि 'आय ॲम स्पीकिंग' यांचा. बारावीवाल्यानं विचारलं, आब्लो म्हणजे यातलं कुठलं? सर म्हणाले, सवयीचं बोलणं तर आहेच, पण बऱ्याचदा आत्ताचं बोलणंही. शिवाय 'मान्याना आब्लो' म्हणजे उद्या बोलतो. पोरगा गोंधळला. मी त्याला मराठीत म्हटलं, अरे, तू फोन ठेवताना 'उद्या बोलतो' म्हणतोस ना? तो भविष्यकाळ आहे का? निघताना 'येतो' म्हणतोस तेव्हा तर तू चाललेला असतोस. त्याचा चेहरा उजळला आणि सरांनी माझ्याकडे थोडं दटावून पाहिलं, कारण वर्गात मराठी बोलायचं नाही असा क्लासचा नियम आहे. इंग्रजी चालतं.

घरी पाठ करायला मी क्रियापद निवडलं ते पागार. पैसे देणे, चुकते करणे. आपला पगार हाच, पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेला. त्यांच्या भाषेतही आणि स्पॅनिशमध्येही हे क्रियापदच आहे आणि वर्तमानकाळात पूर्ण नियमित. पागो, पागास, पागा, पागामोस, पागाइस, पागान. मी देते, तू देतेस, तो देतो, आम्ही देतो, तुम्ही देता, ते देतात. शिक्षकाला पगाराची रूपं पाठ व्हायला कितीसा वेळ लागणार! गोदापार्कला सकाळी फेऱ्या मारताना ती म्हणायची. एक गोष्ट मात्र जपावी लागते, ती म्हणजे जोर. पागो, पागास, पागा, पागान यांत जोर 'पा'वर, आणि पागामोस, पागाइस म्हणताना तो सरकून 'गा'वर जातो. आपण मराठी माणसं सगळं एका पातळीत म्हणतो, पाढे म्हटल्यासारखं. सरांनी टाळ्या वाजवून जोर शिकवला. भिंतीपलीकडून जर्मनवाल्यांनी तक्रार केली.

वायनरीतल्या मुलाला मात्र पाठांतराची गरजच पडली नाही. त्यानं आपल्या नोकरीचं वर्णन तीन नियमित क्रियापदांत करून दाखवलं: एन्त्रान, बेबेन, पागान. येतात आत, पितात, पैसे देतात. द्राक्षाच्या तोडणीपासून बाटलीपर्यंत तो जे तासभर समजावून सांगतो, ते पाहुण्यांपैकी फारसं कुणी ऐकत नाही, असं त्याचं दुःख आहे. बेबेन आणि बिबेन यांत तो सुरुवातीला गल्लत करायचा. पितात आणि जगतात. सर म्हणाले, गिऱ्हाइकांपुढे हा फरक तू नीट पाळ.

आता 'तू'कडे येते. स्पॅनिशमध्ये तू म्हणजे तूच. उच्चारही तोच, दंत्य त, इंग्रजीतला ट नाही. तू आब्लास, तू बोलतोस. सर्वनाम एक आणि क्रियापदाच्या शेवटी दोन्हीकडे स. संस्कृतात 'त्वं वदसि', तिथेही तो सि बसलेलाच आहे. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं असं सांगितलं, हे आम्ही शिक्षक वर्गात एका वाक्यात सांगून मोकळे होतो. वहीत रूपं शेजारीशेजारी लिहिली तेव्हा ते वाक्य माझ्या हाताला लागलं. पाणिनीच्या प्रत्ययांच्या यादीत उत्तम पुरुषाच्या, म्हणजे 'मी-आम्ही'च्या, अनेकवचनाचा प्रत्यय आहे मस्. वदामः मधला विसर्ग म्हणजे तोच स्. लॅटिनमध्ये त्याच जागी मुस्. स्पॅनिशमध्ये मोस. पागामोस, कोमेमोस, बिबिमोस. मी गेली कित्येक वर्षं मुलांकडून 'पठामि पठावः पठामः' घोकून घेतेय आणि तिकडे माद्रिदच्या पोरांच्या तोंडी त्यातलं शेवटचं रूप रोजच्या रोज खेळतंय.

सगळ्यात मजा आहे 'ते'च्या रूपाची. संस्कृतात वदन्ति, पठन्ति, गच्छन्ति. लॅटिनमध्येही शेवटी न्त्. वडिलोपार्जित जोडाक्षर. पुढे वाटणी झाली तेव्हा स्पॅनिशनं न घेतला आणि त सोडला: आब्लान, कोमेन, बिबेन. मराठीनं त घेतला आणि न सोडला: जुन्या मराठीत लोक म्हणती, संत सांगती, आणि आज म्हणतात, सांगतात. भावाभावांनी एक भांडं अर्धं अर्धं वाटून घ्यावं तसं. हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा इतिहासाच्या बाईंनी डबा उघडता उघडता 'हो का' म्हटलं. गणिताच्या सरांनी मात्र कागद मागून घेतला आणि रूपं उतरवून नेली.

संस्कृतचा तक्ता आणि स्पॅनिशचा तक्ता यांत मला आवडणारा एक फरक आहे. आमच्या पाठांतरात सुरुवात 'तो'पासून होते, पठति. म्हणूनच संस्कृतात 'तो' हा प्रथम पुरुष आणि 'मी' सगळ्यांत शेवटी, उत्तम पुरुष म्हणून. स्पॅनिशचा तक्ता 'मी'पासून सुरू होतो, आणि मराठी व्याकरणातही प्रथम पुरुष म्हणजे मी. दरवर्षी आठवीतली मुलं या घोळात पडतात. संस्कृतचे नऊ खण होते, द्विवचन धरून. स्पॅनिशचे सहा, आणि लॅटिन अमेरिकेत तर पाचच, कारण तिथे पागाइसवालं 'तुम्ही' कुणी वापरत नाही. सगळ्या तुम्हींना उस्तेदेस म्हणून पागानवर बसवतात.

तर, वर्ग सुरळीत चालला होता. मग आयटीवाल्यांपैकी एकीनं विचारलं, 'सर, बाई बोलत असेल तर?' सरांना प्रश्नच कळला नाही. तिनं पुन्हा विचारलं, 'आब्लो म्हणजे मी बोलतो. मग मी बोलते, याला काय?' सर म्हणाले, 'आब्लो.' आणि ती बोलते? आब्ला. तो बोलतो? तेही आब्ला. वर्ग थोडा वेळ गप्प बसला. आमचा कुणाचाच विश्वास बसेना.

इंग्रजीतून शिकलेल्याला हा प्रश्न पडतच नाही. मराठी माणसाला तो पहिल्याच तासाला पडायला हवा, कारण आपण तोंड उघडून एक वर्तमानकाळी क्रियापद टाकलं की आपण बाई की पुरुष हे जगाला कळतं. या लेखाच्या दुसऱ्याच वाक्यात 'लिहिते' आलं तेव्हा तुम्हाला माझं कळलं. स्पॅनिशमध्ये हाच मजकूर लिहिला असता तर निदान क्रियापदांनी तरी माझा पत्ता दिला नसता. विशेषणांनी दिला असता, 'थकलेली' म्हटलं की तिथेही स्त्रीलिंग येतंच. पण नियमित वर्तमानकाळ अगदी तटस्थ. आयटीवालीला ते फार आवडलं. ऑफिसच्या ग्रुपवर मराठीत लिहिताना 'करते' टाइप केलं की समोरच्याचा सूर बदलतो, असा तिचा अनुभव आहे. मी त्यावर काही म्हटलं नाही, कारण तो सूर मला ठाऊक आहे.

मग मी घरी येऊन मराठीचाच तक्ता मांडला. तीस वर्षं शिकवते आहे, पण या नजरेनं कधी पाहिला नव्हता. मी करतो, तो करतो, आम्ही करतो: पुरुषाच्या तोंडी तीन खणांत एकच रूप. मी करते, ती करते, आणि नपुंसकलिंगी 'ते'सुद्धा करते. लिंगाचा सगळा बडेजाव एकवचनापुरता. अनेकवचनात तो कुठल्या कुठे जातो. बायकाही 'आम्ही करतो'च म्हणतात. ते करतात, त्या करतात, ती करतात. कोल्हापूरकडच्या बायका एकवचनातही 'मी येतो' म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही.

याचं कारण व्याकरणात आहे. 'करतो' हे जन्मानं क्रियापद नाही, ते विशेषण होतं. वाहतं पाणी, वाहती नदी, वाहता ओढा: हा जो त आहे, तोच करतो-करते मधला. व्याकरणाच्या पुस्तकात याला ताख्यात म्हणतात. एमपीएससी करणाऱ्या पोरांना नाव पाठ असतं, त्या त ची गोष्ट माहीत नसते. विशेषण आलं की ते नामाचं लिंग घेणार. म्हणजे 'मी बोलते'चा खरा अर्थ 'मी बोलती आहे' असा काहीसा होता, आणि स्पॅनिशचं आब्लो मात्र पहिल्यापासून क्रियापदच राहिलं.

हे मी पुढच्या रविवारी चहाच्या टपरीवर सांगत होते, तेव्हा सटाण्याची मुलगी हसायला लागली. म्हणाली, 'काकू, आमच्याकडे नाही हो तसं.' आणि तिनं अहिराणीत म्हणून दाखवलं: मी करस, तू करस, तो करस, ती करस. आम्ही करतस, तुम्ही करतस, त्या करतस. 'मना भाऊ नाशिकले ऱ्हास, मनी बहीन नाशिकले ऱ्हास.' भाऊ असो, बहीण असो, ऱ्हासच. बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव, हा आमच्याच जिल्ह्याचा पट्टा. शाळेत त्या भागातून आलेली मुलं माझ्या हाताखालून गेली; त्यांच्या निबंधात करतो-करतेचा घोळ दिसला की मी लाल शाईनं दुरुस्त करत आले. त्या मुलांच्या कानात दुसरा एक तक्ता वाजत होता. त्यात पुरुष नाही, लिंग नाही, फक्त एक आणि अनेक, म्हणून अहिराणीत सर्वनाम गाळून भागत नाही. स्पॅनिशनं पुरुष आणि वचन दोन्ही राखलं, लिंग घेतलं नाही. आपल्या प्रमाण मराठीनं लिंग घेतलं आणि त्या बदल्यात मी, तो, आम्ही एका रूपात कोंबले. तिन्ही तक्ते तिनं पेपर नॅपकिनवर लिहिले. तो नॅपकिन माझ्या वहीत चिकटवलेला आहे.

स्पॅनिशसारखं रूप, एका प्रत्ययात पुरुष आणि वचन आणि लिंगाला रजा, मराठीत कधी होतं का, हे मला पुस्तकात शोधावं लागलं नाही. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीला यात्रा भरते. त्याआधीचे काही दिवस दिंड्या नाशिकमधून जातात. थंडी चांगलीच असते. सातपूरच्या पुढे त्र्यंबक रोडला कंपन्यांच्या बसेस, मालाचे ट्रक आणि मधूनच वीणा, पखवाज, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, सगळे एकाच रस्त्यानं. मी बसस्टॉपवर उभी होते. एका दिंडीत अभंगाचा शेवट आला, 'नामा म्हणे'. मागच्या दिंडीतल्या बायकांचा आला, 'जनी म्हणे'.

नामा म्हणे, जनी म्हणे. आब्ला, आब्ला.

हा जुन्या मराठीचा साधा वर्तमानकाळ. संस्कृतच्या वर्तमानातून, पाणिनीच्या 'वर्तमाने लट्'मधून, सरळ उतरत आलेला. मी करीं, तू करिसी, तो करी, आम्ही करूं, तुम्ही करा, ते करिती. सहा खण, सहा रूपं, लिंग कुठेच नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या मराठी बाईला स्पॅनिशच्या वर्गात बसवलं असतं तर आयटीवालीचा प्रश्न तिला पडलाच नसता. पुढे 'करतो' आला, वर्तमानकाळाची जागा त्यानं घेतली, आणि जुना वर्तमान मागे सरकून भूतकाळात जाऊन बसला: आजी पहाटे उठे, जात्यावर बसे, ओव्या म्हणे. आज हे वाचताना आपल्याला 'उठायची, बसायची, म्हणायची' असं ऐकू येतं. तुम्ही करा हा आज्ञार्थ झाला, आम्ही करू हे विचारणं झालं. घर तेच, खोल्यांचा वापर बदलला.

म्हणींमध्ये मात्र तो अजून वर्तमानकाळच आहे. देव तारी त्याला कोण मारी. बळी तो कान पिळी. मन चिंती ते वैरी न चिंती. खाई त्याला खवखवे. यांतलं एकही रूप भूतकाळाचं नाही. बळी कान पिळायचा असं नव्हे, पिळतो. स्पॅनिशचा साधा वर्तमानही सदासर्वदाच्या गोष्टी अशाच सांगतो.

याच म्हणींत आणखी एक गंमत आहे. पिळी, तारी, मारी, चिंती यांच्या शेवटी ई. खवखवे, चाले, बसे यांच्या शेवटी ए. म्हणजे आर-एर-इर असे गट आपल्याकडेही होते. साधारणपणे सकर्मक धातू ई घेत, अकर्मक ए. ('म्हणे' कुठल्याच शिस्तीत बसत नाही, पण त्याला बोलणार कोण?) भविष्यकाळात ती खूण अजून दिसते: तो बसेल, चालेल, पण तो मारील, करील. निदान पुस्तकात. तोंडी आता सगळीकडे करेल, मारेल, घालेल. पेपर तपासताना 'करेल'खाली रेघ मारायची माझी सवय आता सुटत चालली आहे, आणि त्याला थोडा स्पॅनिशचा हातभार आहे. तिकडेही एर आणि इर हे दोन गट वर्तमानकाळात जवळजवळ मिसळून गेलेत. कोमो-बिबो, कोमेस-बिबेस, कोमे-बिबे, कोमेन-बिबेन. फरक उरला तो फक्त आम्ही आणि तुम्ही या दोन खणांत, कोमेमोस-बिबिमोस आणि कोमेइस-बिबीस. पाच खणवाल्या लॅटिन अमेरिकेत तर एकाच खणात. पण म्हणून कुणी 'बिबेमोस' म्हटलं तर सर खपवून घेत नाहीत, हेही खरं.

सगळ्यात अवघड गेलं ते आदरार्थी. जोड्या लावून एकमेकांना प्रश्न विचारायचे होते. बारावीवाल्याच्या वाट्याला मी आले. कुठे राहता, एवढंच विचारायचं. तो 'तू बिबेस' म्हणेना. काकूंना तू कसं म्हणायचं? सरांनी सांगितलं, उस्तेद म्हण. तर तो म्हणाला, 'दोन्दे बिबेन?' सर म्हणाले, काकू एकट्या आहेत. तो पुन्हा म्हणाला, 'बिबेन.' मला त्याचा तर्क स्वच्छ दिसत होता. आपल्याकडे मान द्यायचा म्हणजे माणसाचं अनेकवचन करायचं. बाबा आले, सर येतात, काकू कुठे राहतात. स्पॅनिशमध्ये मान देतात तो एकवचनातच, पण समोरच्याला तिऱ्हाईत करून: उस्तेद बिबे, 'तुम्ही राहता' असं नव्हे, 'ती राहते' असं. उस्तेद हे मूळ 'बुएस्त्रा मेर्सेद'चं झिजलेलं रूप, 'आपली कृपा' अशा धर्तीचं दरबारी संबोधन, म्हणून क्रियापद 'ती'चं. दरबारी रीत आपल्यालाही नवी नाही. लग्नात व्याह्यांना तोंडावर 'रावसाहेब काय घेणार?' असं विचारतातच की. मी पोराला ते उदाहरण दिलं, पुन्हा मराठीतून. सरांनी या वेळी दटावलं नाही. वहीत लिहून घेतलं.

एका बाबतीत मला स्पॅनिशचा हेवा वाटतो. नवा शब्द आला की ते त्याला सरळ आर लावतात आणि रूपं चालवायला लागतात. चॅट आलं, त्याचं चातेआर झालं: चातेओ, चातेआस, चातेआ, चातेआमोस. नियमित, बिनतक्रार. आपण म्हणतो चॅट करतो, फॉरवर्ड करतो, डाउनलोड करतो, सेंड करतो. सगळं ओझं बिचाऱ्या 'करणे'वर. पूर्वी मराठीही हे करत असे. फारसी-अरबीतून खर्च आला, आपण खर्चणे केलं. बदल आला, बदलणे केलं. नवाजणे, फर्मावणे, सगळे धातू करून घेतले आणि रूपं चालवली. इंग्रजीच्या वेळी मराठीनं ही टांकसाळ का बंद केली, कळत नाही. मी वर्गात 'मी गुगलते' म्हणून पाहिलं. मुलं हसली. तेच 'गुगल करते' म्हटलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

सरांना मी एक तक्ता करून दिला आहे. डावीकडे स्पॅनिश, मधे आजची मराठी, उजवीकडे जुनी मराठी, आणि खाली अहिराणीची एक ओळ, ती सटाण्याच्या मुलीनं स्वतः लिहिली. इंग्रजीचा रकाना नाही. क्लासच्या मालकांना तो चालेल की नाही सांगता येत नाही, कारण जाहिरातीत 'इंग्रजी माध्यम' असं ठळक छापलेलं आहे. सरांनी तूर्त तो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. नियमित क्रियापदं संपली. पुढच्या शनिवारी सेर सुरू होतंय, असणे. ते कुठल्याच तक्त्यात बसत नाही म्हणे.